खिडकीतला वसंत: ग्रिलमधली लांबट कुंडी कशी भरावी, काय लावावं, कशी सजवावी
(पुण्यातल्या आमच्या रोपवाटिकेकडून ग्राहकांसाठी)

फेब्रुवारी उजाडला की काउंटरवर एकच मागणी असते: "खिडकीत ठेवायला छान फुललेलं काहीतरी द्या." आम्ही देतोही. पण आपल्याकडचा वसंत फसवा असतो. चित्रातल्यासारखा तो तीन महिने रेंगाळत नाही. होळी झाली की ऊन चटके द्यायला लागतं आणि एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो. म्हणून खिडकीची कुंडी भरताना आजच्या फुलांइतकाच पुढच्या दीड-दोन महिन्यांतल्या उन्हाचाही विचार करायचा. हे पत्रक त्यासाठीच आहे.

आधी खिडकी कोणत्या दिशेची ते सांगा

रोप विकण्याआधी आम्ही हे विचारतो, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

दक्षिणेची खिडकी सगळ्यात जास्त चकवते. डिसेंबर-जानेवारीत तिच्यातून ऊन थेट सोफ्यापर्यंत येतं, म्हणून लोक तिथे भरपूर ऊन लागणारी रोपं लावतात. सूर्य मात्र उत्तरेकडे सरकत असतो. मार्चअखेर भर दुपारी तो इतका वर येतो की दीड फुटाचा छज्जा असेल तर कठड्यावरची कुंडी सावलीत जाते. मेच्या 13-14 तारखेला पुण्यात तो दुपारी बरोबर डोक्यावर असतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. फेब्रुवारीत डवरलेलं रोप एप्रिलात नुसतं उंच वाढतं, कळी धरत नाही, त्यामागे बहुधा हेच कारण असतं. रोपात दोष नसतो. कुंडी ग्रिलच्या आतच, पण बाहेरच्या कडेला सरकवली की बरेचदा काम भागतं.

पूर्वेची खिडकी असेल तर तुम्ही नशीबवान. सकाळचं कोवळं ऊन, दुपारी सावली. पिटुनिया, डायँथस, मखमल, झिनिया, काहीही लावा. पश्चिमेला दुपारी दोननंतरचं ऊन भाजून काढतं. तिथे सदाफुली आणि ऑफिस टाइम (पोर्तुलाका), बाकी हौस नको. लोखंडी ग्रिलही तापतं. त्याला टेकलेली पानं कडेने करपतात, म्हणून कुंडी ग्रिलपासून दोन-तीन इंच आत ठेवा. काळी प्लॅस्टिकची कुंडी पश्चिमेला टाळा, आतली मुळं उकडतात. उत्तरेला फुलांचा आग्रह सोडा आणि रिओ, टर्टल वाइन, स्पायडर प्लांट, सिंगोनियम लावा. तीन-चार तऱ्हेच्या हिरव्या-जांभळ्या पानांची खिडकी फुलांइतकीच देखणी दिसते, आणि सांभाळायला सोपी.

कुंडी आणि माती

दोन फूट लांब, सहा-सात इंच रुंद आणि निदान सहा इंच खोल कुंडी घ्या. दुकानात दिसणाऱ्या चार इंची उथळ कुंड्या दिसतात नाजूक, पण एप्रिलात दिवसातून दोनदा पाणी मागतात. तळाला पाच-सहा भोकं हवीत. नव्या कुंडीत बरेचदा ती अर्धवट असतात, जाड खिळा तापवून आरपार करून घ्या.

नुसती लाल माती भरू नका. एवढी कुंडी भिजल्या लाल मातीने भरली तर पंचवीस किलोच्या वर जाते. आमचं मिश्रण असं: चार भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तीन भाग गांडूळखत, दोन भाग माती, एक भाग भाताचं तूस किंवा परलाइट, वर मूठभर निंबोळी पेंड. हीच कुंडी मग भिजल्यावरही पंधरा-सोळा किलोच्या आसपास राहते. कोकोपीट धुणं टाळू नका. त्यात मीठ असतं. भिजवून, पिळून ते पाणी दोनदा तरी टाकून द्यायचं. तळाशी विटांचे तुकडे घालायची रीत खिडकीपुरती तरी आम्ही सोडली आहे. त्याने वजन वाढतं, मुळांची जागा जाते आणि निचराही सुधारत नाही. भोकांवर नारळाच्या शेंड्या अंथरल्या की पुरतं.

लावताना

संध्याकाळी पाचनंतर लावा. रोपाला धरून पिशवीतून ओढू नका. पिशवी उभी चिरा आणि मातीचा गोळा तळव्यावर घ्या. गोळ्याभोवती पांढरी मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर खालच्या बाजूने बोटांनी हलकेच मोकळी करा, नाहीतर ती तशीच गोल फिरत राहतात. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच कुंडीत बसवा. वरची इंचभर जागा रिकामी सोडा. काठोकाठ माती भरली की पाणी मातीसकट खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातं, आणि मग सोसायटीची मीटिंग. तीन-चार दिवस दुपारच्या उन्हाला आडोसा करा.

दोन फुटांत पाचच रोपं. आठ मागणाऱ्यांनाही आम्ही पाचच देतो. पहिल्या आठवड्यात कुंडी रिकामी वाटेल, तिसऱ्या आठवड्यात वाटणार नाही.

ऊन येणाऱ्या खिडकीसाठी आम्ही जोडीची लागवड सुचवतो. पुढच्या रांगेत तीन पिटुनिया, मागे दोन मखमल आणि मधल्या रिकाम्या जागांत ऑफिस टाइमच्या तीन-तीन इंचाच्या फांद्या खोचून द्यायच्या. त्याला ना वेगळी माती लागते ना कौतुक, आठ-दहा दिवसांत मुळं धरतं. पिटुनिया हे थंडीचं फूल. एप्रिल लागला की ते पिवळं पडतं, त्याला कितीही खत घाला. तोवर ऑफिस टाइमने जागा धरलेली असते. पिटुनिया मुळापाशी कापून टाका, उपटू नका, शेजारच्याची मुळं दुखावतात. मग सकाळी नऊ-दहाला उमलणारी आणि दुपारी मिटणारी गुलाबी-पिवळी फुलं पावसाळ्यापर्यंत मिळतात. याच कारणाने मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून आम्ही पिटुनिया विकायला ठेवत नाही.

सदाफुली विषारी आहे. रांगतं मूल किंवा पानं चावणारं मांजर घरात असेल तर ती नको.

पाडवा आणि चैत्रगौर

बऱ्याच घरांत गुढी याच खिडकीत उभी राहते. त्यासाठी कुंडी मधोमध न ठेवता एका बाजूला सरकवून ठेवा आणि काठी बांधायला ग्रिलचा एक उभा गज मोकळा सोडा. काठी कुंडीच्या मातीत खोचू नका, मुळं तुटतात आणि गुढीही कलते. कुंडीत मखमल असेल तर हारापुरती फुलं घरचीच होतात. गुढीला बांधलेली साखरेची गाठी मात्र रोपांना टेकू देऊ नका. मुंग्या लागतात, आणि मुंग्यांच्या मागोमाग पांढरा पिठ्या ढेकूण येतो, तो मग पावसाळ्यापर्यंत हटत नाही.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हिरवी आरास हवी असेल तर आठवडाभर आधी रोपांमधल्या रिकाम्या मातीवर भिजवलेले अळीव पसरा आणि वर पाणी शिंपडत राहा. दोन-तीन दिवसांत कोंब फुटतात, आठवड्यात दोन बोटं उंच गालिचा होतो. कार्यक्रम झाला की कात्रीने कापून कोशिंबिरीत घाला. (त्या आठवड्यात कुंडीवर औषध फवारलेलं नसेल तरच.) कुंडीच्या बाहेरून गेरू आणि चुन्याची चैत्रांगणातली चित्रं काढली की प्लॅस्टिकचं रूप पालटतं, मातीच्या कुंडीवर तर फारच खुलतात. विजेच्या माळा कुंडीवर गुंडाळू नका, तिथे रोज पाणी पडतं. आणि रंगपंचमीला कुंडी घरात घ्या.

रोजची निगा

पाणी सकाळी. बोट पेराएवढं मातीत खुपसून बघा. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. सदाफुली तहानेने क्वचित मरते, जास्त पाण्याने हमखास. एप्रिल-मेमध्ये मखमलला संध्याकाळीही थोडं लागेल. कुंडीखाली ट्रे ठेवाच, पण तो आठवड्यातून एकदा तरी रिकामा करून पुसून घ्या, साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात.

खत पंधरा दिवसांतून एकदा, एकोणीस-एकोणीस-एकोणीस (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विरघळणारं खत), लिटरला दोन ग्रॅम. पेंडीचं आंबवलेलं पाणी उत्तम असतं, पण खिडकीत नको. वास थेट घरात येतो. सुकलेली फुलं देठासकट खुडत राहा, नाहीतर रोप बी धरतं आणि फुलं थांबतात.

पारव्यांवर आमच्याकडे औषध नाही. खराट्याच्या काड्या चार-चार बोटांच्या अंतरावर मातीत उभ्या खोचा. रोपं दाटेपर्यंत त्यांना बसायला जागा मिळत नाही.

कुंडी ग्रिलच्या आतच ठेवा, बाहेर लटकवू नका. आत ठेवलेलीही तारेने दोन ठिकाणी बांधा. वळवाचा वारा सांगून येत नाही आणि खाली माणसं चालत असतात.

आमच्याकडे येताना

खिडकीचे तीन फोटो आणा: सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चारचा. ऊन कुठवर येतं ते त्यात दिसलं पाहिजे. कुंडी भरून, रोपं लावून घरपोच हवी असेल तर दोन दिवस आधी सांगा. दर काउंटरवर लावले आहेत. जुन्या कुंडीतली माती फेकू नका, पोत्यात घालून आणा, आम्ही त्यातच खत-कोकोपीट मिसळून देतो. रिकाम्या काळ्या पिशव्याही परत घेतो. आणि खिडकीचं माप ग्रिलच्या आतून घ्या. बाहेरच्या मापाने नेलेली कुंडी दारातून आत जाते, ग्रिलमध्ये बसत नाही.