पुरातन धर्मस्थळांतील संतूरवादन (नाशिक परिसर)

लेणी व मंदिरे यांचा निनाद हाच वादनाचा भाग मानणारी आधुनिक पद्धती. संतूर (कलम नावाच्या लाकडी काड्यांनी आघात करून वाजवायचे तंतुवाद्य) व स्वरमंडल (बोटांनी छेडायचे तंतुवाद्य) ही तिची प्रमुख वाद्ये. होर्नबोस्टेल–झाक्स यांच्या १९१४ च्या वाद्यवर्गीकरणात ती झिदर (मूळ अंगावरच तारा ताणलेल्या वाद्यांच्या) वर्गात मोडतात.

संतूरच्या उगमाविषयी एकमत नाही. ते म्हणजे वैदिक शततंत्री वीणाच, असे सर्रास लिहिले जाते. महाव्रत विधीतील शंभर तंतूंच्या ‘वाण’ वाद्याचे उल्लेख वैदिक वाङ्मयात आहेत खरे. पण ते धनुष्याकृती वीणेच्या जातीचे असावे, असे बऱ्याच अभ्यासकांना वाटते. शंभर हा आकडा सोडला तर दोहोंना जोडणारा भक्कम दुवा नाही. सूफियाना मौसिकीत (काश्मीरच्या सूफी संगीतात) वाजणाऱ्या काश्मिरी संतूरची घडण (तारा पेलणाऱ्या २५ घोड्या, प्रत्येकीवर ४ तारा) इराणी संतूरच्या (१८ घोड्या, ७२ तारा) जवळची दिसते. तेव्हा ते मध्ययुगात इराणी संपर्कातून काश्मिरात आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. स्वरमंडलाबाबत पुरावा बरा आहे : आईन-इ-अकबरीत २१ तारांचे, कानून या पश्चिम आशियाई तंतुवाद्यासारखे वाद्य म्हणून त्याची नोंद आहे. संतूरला रागसंगीतात आणले ते शिवकुमार शर्मा (१९३८–२०२२) यांनी. घोडीवरच्या तारा कमी करून त्यांनी ते मांडीवर घेतले.

पांडवलेण्यांतील क्र. १८ चे चैत्यगृह (स्तूप असलेले बौद्ध प्रार्थनागृह) या वादनास विशेष अनुकूल आहे. ते इ. स. पू. पहिल्या शतकातील मानण्याकडे कल आहे; शिलालेखांतील अक्षरांच्या वळणावरून काही जण त्याला थोडे अलीकडे आणतात. आतील लांबी सुमारे ३९ फूट, रुंदी साडेएकवीस, उंची २३, छत गजपृष्ठाकार. कातळ आवाज फारसा शोषत नाही, म्हणून कलमाचा आघात झाल्यावर एरवी चटकन विरणारा स्वर येथे रेंगाळतो. विलंबित आलापाला त्याचा फायदा होतो, ‘झाला’ या द्रुत आघातांच्या भागाचा मात्र निव्वळ गलका होतो. भूपासारखे अंतर राखून चालणारे राग खुलतात; तोडीत षड्ज विरण्याआधीच कोमल ऋषभ त्यावर चढतो आणि दोन्ही गढुळतात. स्तूपामागची अर्धवर्तुळाकार भिंत आवाज परतवून एका जागी गोळा करते. टाळी वाजवून ती जागा हेरावी आणि बैठक तिथून बाजूला घ्यावी. ध्वनिमुद्रणात माइक तारांपासून फूटभरच ठेवावा, नाहीतर घुमारा मूळ स्वराला गिळतो.

उन्हातून पायऱ्या चढून गार लेण्यात आलेल्या वाद्याच्या तारा आकसतात व स्वर चढतो, तोही सगळीकडे सारखा नाही. वाद्य पाऊण तास तसेच राहू द्यावे, मगच तारा जुळवायची चावी हाती घ्यावी. एका घोडीवरच्या तारा तंतोतंत जुळल्या नाहीत तर घुमाऱ्यात त्यांचे हेलकावे ठळक होतात. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि झिरपही असतो. ते महिने टाळलेलेच बरे.

काळाराम मंदिराचा सभामंडप चहूबाजूंनी खुला. कथा-कीर्तनाला उत्तम, पण नाद बाहेर निघून जातो. सिन्नरच्या यादवकालीन गोंदेश्वराचा मंडप त्या मानाने बंदिस्त आहे. गोंदेश्वर व पांडवलेणी ही केंद्रसंरक्षित स्मारके असल्याने १९५९ च्या नियमांनुसार तेथे लेखी परवानगीखेरीज मनोरंजनाचा कार्यक्रम करता येत नाही.