गोमुखाचं पाणी, सकाळचं आणि संध्याकाळचं

गोमुखाजवळ भागीरथीचं पाणी बाटलीत भरून ती रात्रभर हलवली नाही, तर सकाळी तळाशी राखाडी थर बसलेला दिसतो. वरचं पाणी मात्र तरीही धुरकटच. बर्फ वितळून आलेलं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, असं आपल्याला वाटतं. पण हे पाणी थेट बर्फावरून आलेलं नसतं, ते गंगोत्री हिमनदीच्या पोटातून, तळाचा खडक धूत आलेलं असतं.

सुमारे ३० किलोमीटर लांबीची ही हिमनदी उतारावरून सरकते तेव्हा तिच्या बुडाशी गोठून बसलेले दगड खालच्या खडकावर रगडले जातात. त्यातून निघणाऱ्या भुकटीला शास्त्रज्ञ खडकाचं पीठच म्हणतात. जातं फिरवलेल्यांना यापुढे काही समजावून सांगायला नको. मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा कण संथ पाण्यातसुद्धा एक मीटर खाली जायला काही दिवस घेतो. त्यात शून्य अंशाजवळच्या पाण्याचा चिकटपणा २० अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ पावणेदोन पट असतो. मग खळाळत्या प्रवाहात हे पीठ खाली बसणार कसं?

या दळण्याचा रासायनिक परिणाम मला सगळ्यात विलक्षण वाटतो. एक सेंटिमीटर बाजूच्या दगडी ठोकळ्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर असतो. त्याचे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे ठोकळे केले, की तोच पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. शिवाय हे सगळे पृष्ठभाग ताजे फुटलेले. त्यामुळे एवढ्या थंडीतही खडक भराभर विरघळतो. गंगोत्रीच्या परिसरात ग्रॅनाइट भरपूर आहे, तरी पाण्यात सापडतात मुख्यतः कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि सल्फेट. खडकात चुन्याचा अंश थोडासाच असला तरी तो आधी विरघळतो. सल्फेट येतं पायराइटसारख्या गंधकयुक्त खनिजांमधून. त्यांचं ऑक्सिडीकरण झालं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि ते चुन्याला विरघळवतं. हिमनद्यांच्या तळाशी, अंधारात, जिवाणूही या कामाला हातभार लावतात. अभ्रक दळला गेला की त्यातलं पोटॅशियमही पाण्यात उतरतं.

आता तेच पाणी पहाटे आणि संध्याकाळी तपासून पाहा. उन्हाळ्यात दुपारच्या उन्हाने बर्फ वितळतो, ते पाणी भेगांतून खाली उतरतं, बर्फाखालच्या बोगद्यांतून वेगाने धावतं आणि दुपार उलटल्यावर नदी फुगते. या पाण्याला खडकाशी बोलायला वेळच मिळालेला नसतो. त्यात क्षार कमी आणि गाळ जास्त. पहाटे प्रवाह रोडावतो. तेव्हा बर्फ आणि खडक यांच्यामधल्या चिंचोळ्या जागांत रेंगाळलेल्या पाण्याचा वाटा वाढतो. पाणी त्यातल्या त्यात निवळ दिसतं, पण क्षार जास्त असल्याने त्याची विद्युतवाहकता वाढलेली असते. म्हणजे डोळ्यांना स्वच्छ वाटणाऱ्या पाण्यातच विरघळलेला खडक जास्त! बर्फ वितळण्याच्या मोसमाचंही असंच. सुरुवातीला, बोगदे रुंद होण्याआधी, हिवाळाभर अडकून पडलेलं क्षारयुक्त पाणी बाहेर येतं. हिमालयात ओढे सकाळीच ओलांडावेत असं सांगतात, त्यामागे हेच दैनंदिन चक्र आहे.

खाली उत्तरकाशीच्या बाजूला या गाळाचा हिशेब वीज प्रकल्पांना चुकवावा लागतो. त्यात क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीचे कण असतात आणि क्वार्ट्झ टर्बाइनच्या पोलादापेक्षा कठीण. मनेरी भाली प्रकल्पाची यंत्रं या झिजेने सतत त्रस्त असतात. गाळ बसवण्यासाठी मोठ्या टाक्या बांधल्या तरी पिठासारखा बारीक कण त्यांतून निसटतोच.

त्याही खाली टिहरीचं २६० मीटर उंच धरण आहे. तिथल्या विस्तीर्ण जलाशयात मात्र पाण्याला थांबायला वेळ मिळतो आणि गाळ तळाला बसतो. म्हणूनच पावसाळ्यात देवप्रयागच्या संगमावर उभं राहिलं की एका बाजूने मातकट अलकनंदा येते आणि दुसऱ्या बाजूने हिरवट भागीरथी. गोमुखाहून निघालेलं पीठ तोवर बरंचसं टिहरीतच राहिलेलं असतं.