वाळुंज: पुण्याच्या नदीकाठचा विलो

विलो म्हटलं की काश्मीर आठवतं, फार तर क्रिकेटची बॅट. पण या मंडळींपैकी एक जण मुळचा आपल्याकडचाच आहे. वाळुंज, शास्त्रीय नाव सॅलिक्स टेट्रास्पर्मा. सॅलिक्सच्या, म्हणजे विलोच्या, चारशेहून अधिक जाती आहेत. बहुतेक उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या. दख्खनच्या उन्हात टिकणारी ही विरळीच. मुठेवर विठ्ठलवाडीकडे, किंवा बाणेरला राम नदी मुळेला मिळते त्या भागात, काठाला अजून माती आहे तिथे ती शोधावी. कधी झुडूप, कधी मध्यम उंचीचं झाड.

पान लांबट, टोकदार, मागून पांढुरकं. वाऱ्याने पानं उलटली की लांबूनही ओळख पटते. पात्रातल्या खडकांत वाढणारी शेरणीही अशाच पानांची, पण ती एरंडाच्या कुळातली. शंका आली तर वाळुंजाची कळी जवळून पाहा: तिच्यावर टोपीसारखा एकच खवला असतो.

विलोच्या सालीत सॅलिसिन नावाचं वेदनाशामक द्रव्य असतं आणि त्याच वाटेने पुढे १८९९ साली ॲस्पिरिन बाजारात आलं, ही गोष्ट पुष्कळदा सांगून झाली आहे. मला जास्त नवल वाटतं ते याच्या बियांचं. नर आणि मादी झाडं वेगळी. पावसाळा सरल्यावर पानगळ होते, मग नव्या पालवीसोबत लोंबते तुरे येतात. मादीची फळं उकलली की कापसाळ केसांच्या बारीक बिया वाऱ्यावर आणि पाण्यावर निघतात. बीमध्ये साठवलेलं अन्न जवळजवळ नसतंच, त्यामुळे तिला तग धरायला मोजके दिवस मिळतात. तेवढ्यात ओला, उघडा, उन्हातला गाळ सापडला तर ती झटकन रुजते. पूर ओसरल्यावर नदी नेमकी अशीच जागा मोकळी करून देते. काठावर दगडी भिंत घातली की पाणी उतरतं, पण गाळाची ती पट्टी उरत नाही. जुनी झाडं उभी दिसतात, रोपं मात्र दिसेनाशी होतात.

फांदी ओल्या मातीत खोचली तरी वाळुंज फुटतं, म्हणून काठ धरून ठेवायला ते फार कामाचं. मात्र एकाच झाडाच्या फांद्या लावल्या तर सगळी एकतर नर, नाहीतर मादी. बी धरणारच नाही. तुरे आलेले असताना दोन्ही प्रकारची झाडं हेरून ठेवावीत आणि दोन्हींच्या फांद्या आणाव्यात.