पोलिसांचे वैज्ञानिक तपास-प्रशिक्षण : कोल्हापूर

गुन्ह्याच्या जागेवरील भौतिक, जैविक व डिजिटल पुरावा ओळखणे, तो न बिघडवता ताब्यात घेणे, त्याची नोंद न्यायालयात टिकेल अशी करणे आणि प्रयोगशाळेच्या अहवालाचा तपासात नेमका उपयोग करणे, यांसाठी पोलीस अधिकारी व अंमलदारांना दिले जाणारे शिक्षण. कवायत, शस्त्रसराव व कायद्याचा अभ्यास ही पोलीस प्रशिक्षणाची जुनी अंगे होत. वैज्ञानिक कौशल्याला त्यांत दीर्घकाळ दुय्यम स्थान राहिले.

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले आणि येथील पोलीस दल राज्याच्या सामाईक व्यवस्थेचा भाग बनले. उपनिरीक्षकांचे मूळ प्रशिक्षण नाशिक येथील महाराष्ट्र पोलीस अकादमीत होते. या संस्थेचा आरंभ १९०६ चा. शिपायांसाठी राज्यात निरनिराळी पोलीस प्रशिक्षण केंद्रे असून त्यांपैकी सांगली जिल्ह्यातील तुरची (ता. तासगाव) येथील केंद्र कोल्हापूरला जवळचे आहे. समाजशास्त्रज्ञ मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७३ मध्येच प्रशिक्षणाला कवायतीच्या चौकटीबाहेर नेण्याचा आग्रह धरला होता. त्यानंतरही बदल सावकाशच झाला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यांनी मात्र हा विषय ऐच्छिक ठेवलेला नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) नुसार सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करणे आवश्यक ठरले असून त्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचे हॅश मूल्य (फाइलमधील मजकुरावरून गणिती पद्धतीने काढलेली अंक-अक्षरांची खूण) नमूद करावे लागते. मूळ फाइलमध्ये एका अक्षराचा फरक पडला तरी हे मूल्य बदलते, म्हणून फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे त्यावरून पडताळता येते. असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात (२०२०) जुन्या कायद्याखालीच स्पष्ट केले होते.

तज्ज्ञाची तरतूद झाली तरी घटनास्थळी प्रथम पोचतो तो पोलीस ठाण्याचा हवालदार किंवा बीट अंमलदार, आणि पुरावा टिकतो की नासतो हे बहुधा त्याच्या पहिल्या तासाभरातील वागण्यावर ठरते. म्हणूनच प्रशिक्षणाचा भर केवळ अधिकाऱ्यांवर असणे ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव म्हणावी लागेल. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ती विशेष जाणवते. उसाच्या सरीत उमटलेला पायाचा ठसा पाणी साचून पुसला जाण्याआधी टिपायचा असेल, तर प्रथम शेजारी मोजपट्टी ठेवून कॅमेरा ठशाच्या बरोबर वर काटकोनात धरून छायाचित्र घ्यावे लागते. मग ठशाभोवती कडे करून दाटसर कालवलेले प्लास्टर ऑफ पॅरिस थेट ठशावर न ओतता कडेने हलकेच सोडावे लागते. ठशात पाणी असल्यास त्यावर आधी कोरडी पूड भुरभुरतात. साचा घट्ट होताच त्याला चिकटलेली माती खरवडण्याचा मोह आवरावा लागतो, कारण ठशातील बारीक खुणा तेवढ्याने जातात. रक्ताने भिजलेले कपडे सावलीत वाळवून प्रत्येक कपडा कागदी पाकिटात वेगळा बांधणे हाही असाच साधा, परंतु वारंवार मोडला जाणारा नियम आहे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो.

शवविच्छेदनानंतर छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयातून व्हिसेरा (तपासणीसाठी काढून घेतलेले अंतर्गत अवयवांचे नमुने) घेऊन प्रयोगशाळेत पोचवणाऱ्या शिपायाचे काम वरवर पाहता निरोप्याचे वाटते. वस्तुतः मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाकडे गेला, या साखळीतला तो एक दुवा असतो. विषबाधेच्या संशयात व्हिसेरा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात, फॉर्मॅलिनमध्ये नाही. बरणीवरील सील, लेबल व पत्रातील मजकूर जुळला नाही तर उलटतपासणीत बचाव पक्ष प्रथम तेथेच बोट ठेवतो. शहरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा असल्याने तेथील विश्लेषकांकडून, नाकारल्या गेलेल्या पार्सलांची उदाहरणे दाखवत, अंमलदारांना प्रत्यक्ष शिकवणे शक्य आहे. वर्गातील व्याख्यानापेक्षा याचा उपयोग अधिक.

तपासाचे स्वरूप किती पालटले हे कोल्हापूरच्याच दोन प्रकरणांवरून दिसते. १९९६ मध्ये उघडकीस आलेल्या गावित बालहत्याकांड खटल्यात माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला मोठे महत्त्व होते. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर झालेल्या गोळीबाराच्या तपासात मात्र रिकाम्या पुंगळ्यांची अन्य हत्यांतील पुंगळ्यांशी तुलना हा कळीचा प्रश्न बनला आणि तो एका जिल्ह्याच्या वा एका राज्याच्या आवाक्यातला राहिला नाही.

वैज्ञानिक प्रशिक्षणात मर्यादांचेही शिक्षण येते. संमतीशिवाय नार्को चाचणी, ब्रेन मॅपिंग किंवा पॉलिग्राफ करता येत नाही, हे सेल्वी प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने (२०१०) ठरले आहे. अटकेच्या वेळी पाळावयाचे नियम डी. के. बसू प्रकरणातून आले. जप्त मोबाइल ठाण्यातच उघडून चाळू नये, हीही अशीच एक मर्यादा आहे. फोन हाती येताच त्याचा नेटवर्कशी संबंध तोडून, त्याची स्थिती पंचनाम्यात लिहून तो सीलबंद करणे अपेक्षित असते.

शिकवलेले कौशल्य बदलीबरोबर वाया जाते, ही जुनी तक्रार रास्त आहे. घटनास्थळाच्या कामात तयार झालेला अंमलदार बंदोबस्तात किंवा वाहतूक शाखेत गेला की ठाण्यात पुन्हा पाटी कोरी. त्यावर प्रत्येक ठाण्यात या कामासाठी ठरावीक काळ न हलवले जाणारे दोन-तीन कर्मचारी नेमणे, हा कोणत्याही नव्या अभ्यासक्रमापेक्षा स्वस्त उपाय होय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले असून कोल्हापूरसह सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. तेथे जप्ती, सील वा प्रमाणपत्रातील दोषामुळे आरोपी सुटलेल्या खटल्यांची निकालपत्रे सरकारी वकिलांच्या मदतीने तपासी अंमलदारांसमोर नियमितपणे वाचली गेली, तर उजळणी वर्गांना आयते आणि स्थानिक पाठ्यसाहित्य मिळेल.