चॅट ग्रुपवरचा बॉट आणि त्याच्यामागची जुनी भांडणं

पावसाळ्यात कोयनेचे दरवाजे उचलले की सांगलीत पहिला प्रश्न एकच, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती? 40 फुटांना इशारा, 45 ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हापासून या प्रश्नाचं उत्तर शोधायला हात आधी मोबाईलकडे जातो. जुलै लागला की गल्लीगणिक, गावागणिक पूर-माहितीचे ग्रुप निघतात. त्यांत खऱ्या आकड्यांच्या जोडीला 2019 चेच व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात, धरण फुटल्याच्या आवया येतात, आणि हजारभर माणसं जमली की झटपट कर्जाच्या नि शेअर बाजारातल्या हमखास नफ्याच्या जाहिरातीही. मग कुणीतरी सुचवतं, ग्रुप टेलिग्रामवर नेऊ आणि एक बॉट, म्हणजे ग्रुपची राखण आपोआप करणारा प्रोग्राम, बसवू.

बसवणं सोपं आहे. त्यातली प्रत्येक सेटिंग मात्र कुठल्यातरी जुन्या भांडणातून आलेली असते, आणि ते भांडण सांगलीचं नसतं.

ऑगस्ट 1988 मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेनने इंटरनेट रिले चॅट, म्हणजे आयआरसी, लिहिलं. तिथे मुळात चॅनेलला, म्हणजे गप्पांच्या खोलीला, मालक नसायचा. रिकाम्या चॅनेलमध्ये जो पहिला शिरेल तो ऑपरेटर, आजच्या भाषेत ॲडमिन. सगळे बाहेर पडले की चॅनेल संपलं. शिवाय हे जाळं अनेक सर्व्हर जोडून उभं होतं. दोन सर्व्हरमधला दुवा तुटला की एकाच चॅनेलचे दोन तुकडे व्हायचे. टपून बसलेला एखादा माणूस ओस पडलेल्या तुकड्यात शिरून ऑपरेटर व्हायचा, आणि दुवा पुन्हा जुळला की तोच हक्क घेऊन मूळ चॅनेलमध्ये अवतरायचा. मग जुन्या ऑपरेटरांना हाकलून चॅनेल खिशात. हा प्रकार इतका वाढला की पुढे सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्येच वेळेची नोंद ठेवून त्याला आळा घालावा लागला.

तेव्हा राखणीच्या बॉटचं पहिलं काम शिव्या खोडणं नव्हतं, चोवीस तास जागा धरून बसणं होतं. माणूस झोपतो, बॉट झोपत नाही. डिसेंबर 1993 मध्ये रोबी पॉइंटरने एका चॅनेलवरच्या सततच्या मारामाऱ्यांना कंटाळून ‘एगड्रॉप’ हा बॉट लिहिला. ओळखीच्या माणसांची यादी तो जवळ ठेवायचा आणि ते आले की त्यांना ऑपरेटर करायचा. असे अनेक बॉट एकमेकांना जोडता यायचे. एकाला कुणी हाकललं की दुसरा त्याला आत घेऊन हक्क परत द्यायचा. एगड्रॉपची देखभाल आजही चालू आहे.

मजकुराच्या माऱ्याला आवर घालणारी सेटिंगही तिथलीच. एगड्रॉपच्या मूळ फाइलमध्ये ती 15:60 अशी लिहिलेली असते. 60 सेकंदांत एकाच माणसाच्या 15 ओळी आल्या की बाहेर. तेव्हाच्या संथ जोडण्यांवर अशा माऱ्याने समोरच्याची जोडणीच तुटायची, म्हणून हा नियम. ओळीत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

चॅनेलच्या मालकीचा प्रश्न पुढे काही जाळ्यांनी स्वतःच सोडवला. 1994 मध्ये सुरू झालेल्या डालनेटची ‘चॅनसर्व्ह’ ही सेवा प्रसिद्ध आहे. चॅनेल आपल्या नावावर नोंदवलं की बॉटला पहारा द्यायची गरज नाही. मग बॉट मोकळा झाला आणि हळूहळू लोकांच्या बोलण्याकडे वळला.

आपल्याकडे आयआरसी फार थोड्यांनी पाहिलं. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्या पिढीची पहिली चॅटरूम बहुधा याहूची. तिथला बॉट राखणीचा नव्हता, उपद्रवाचा होता. माणूस असल्याचं सोंग घेऊन रूममध्ये शिरायचा आणि जाहिरातींच्या लिंका टाकायचा. 2000 मध्ये याहूने हेच दुखणं कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांपुढे मांडलं, आणि त्यातून कॅप्चा आला. वाकडीतिकडी अक्षरं ओळखा आणि माणूस असल्याचं सिद्ध करा. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये शिरताना बॉट ‘मी माणूस आहे’चं बटण दाबायला लावतो, ते त्याच घराण्यातलं.

यानंतर आपण थेट व्हॉट्सॲपवर आलो, आणि तिथल्या नेहमीच्या ग्रुपमध्ये बॉटला अधिकृत दारच नव्हतं. राखण सगळी ॲडमिनच्या डोक्यावर. त्याच्या हातात माणूस घेणं आणि काढणं, एवढंच. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारलं. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. ‘फक्त ॲडमिनच लिहू शकतील’ ही सोयही त्याच वर्षीची. दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी खोडायचा हक्क ॲडमिनला मिळायला 2022 उजाडलं.

ॲडमिन जबाबदार किती, याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये दिलं. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, दोघांचा समान हेतू दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येणार नाही. न्यायालयाने कारणही दिलं: मजकूर ग्रुपवर येण्याआधी तो अडवण्याचा किंवा चाळण्याचा अधिकार ॲडमिनकडे नसतो. हे वाक्य मला महत्त्वाचं वाटतं, कारण टेलिग्रामवरच्या बॉटकडेही तो नसतो. मेसेज येतो, बॉट वाचतो, मग खोडतो. मधल्या क्षणात कुणीतरी तो पाहिलेला असतो. मजकूर पोचण्याआधीच अडवणारी सोय डिस्कॉर्ड या चॅट ॲपने 2022 मध्ये ‘ऑटोमॉड’ नावाने आणली, ती कंपनीला स्वतःच्याच यंत्रणेत जमली. आणि सगळेच उपाय थकले की काय होतं तेही जवळच पाहायला मिळालं. सप्टेंबर 2023 मध्ये शेजारच्या सातारा जिल्ह्यात, पुसेसावळीला, समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून हिंसाचार झाला, एकाचा जीव गेला, आणि जिल्ह्याचं इंटरनेटच बंद करावं लागलं.

टेलिग्रामने बॉटना दार उघडलं जून 2015 मध्ये, डिस्कॉर्डही त्याच वर्षी मे महिन्यात सुरू झालं. टेलिग्रामवर ‘बॉटफादर’ या कंपनीच्याच बॉटकडे नाव नोंदवलं की टोकन, म्हणजे बॉट चालवायची गुप्त किल्ली, मिळतं आणि बॉट आपला होतो. एवढी खटपट नको असेल तर रोझ किंवा कॉम्बॉटसारखा तयार बॉट ग्रुपमध्ये घेऊन ॲडमिन करायचा. साधा सदस्य असलेल्या बॉटला मूळ सेटिंगनुसार फक्त त्याला उद्देशून दिलेल्या आज्ञा आणि उत्तरं दिसतात. ॲडमिन केलं की प्रत्येक मेसेज दिसतो. राखण करायची तर हे टळत नाही.

खरी अडचण शब्दांच्या चाळणीत येते. ही चाळणी इंग्रजी लिहिणाऱ्यांनी घडवली, आणि त्यांनाही ती धड जमली नव्हती. 1996 मध्ये अमेरिका ऑनलाइनने इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना खाती उघडू दिली नाहीत, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक शिवी सापडत होती. मराठीत हा घोळ दुप्पट होतो. ‘कर्ज’ हा दोन्हीकडे मोकळी जागा असलेला पूर्ण शब्द बंद केला तर ‘कर्जासाठी’ आणि ‘कर्जाची’ सुखरूप निसटतात. उलट ‘लोन’ कुठेही दिसलं तर उडव म्हटलं, की हवामानाच्या मेसेजमधलं ‘सायक्लोन’ उडतं आणि आपला पत्ता ‘कॉलोनी’ असा लिहिणाऱ्याचा मेसेजही जातो. त्यात बॉट पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेला असेल, तर तिची नेहमीची शब्दजुळणी काना-मात्रेला अक्षर मानत नाही, त्यामुळे शब्दाची हद्द भलतीकडेच पडते. ‘कर’ हा पूर्ण शब्द शोधायला सांगावा तर ती ‘करा’ आणि ‘करू’मध्येही तो सापडल्याचं सांगते.

‘शेतकऱ्यांनो’ हा शब्द तर खास आपला. बेदाण्याच्या भावापासून बनावट अनुदानापर्यंत निम्मे फसवे मेसेज याच हाकेने सुरू होत असावेत असं वाटतं. यातला आडवा रफार युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसंकेतात, दोन प्रकारे लिहिता येतो. एकदा ‘ऱ’ला हलन्त जोडून, एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच, बॉटला मात्र ते दोन वेगळे शब्द. मजकूर एकसारखा करून घेण्याची युनिकोडची ठरलेली रीत वापरली तरी ही दोन रूपं एक होत नाहीत. चाळणीत दोन्ही घालावी लागतात. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांचं तर सोडूनच द्या.

पुराच्या दिवसांत त्या 15:60 च्या वंशजाची परीक्षा होते. पाण्यात अडकलेला माणूस परिच्छेद लिहीत बसत नाही. लोकेशन, दोन फोटो, नंबर, ‘लवकर या’, ‘आजी आहे सोबत’ असं तुटक तुटक पाठवतो. दहा सेकंदांत पाच मेसेजची मर्यादा लावली असेल तर नेमका तोच म्यूट होतो. त्या आठवड्यात मर्यादा सैल ठेवावी, आणि म्यूट करण्याऐवजी जादा मेसेज नुसते खोडून ॲडमिनना कळवायची सोय निवडावी. कॅप्चाची मुदतही वाढवावी, नाहीतर चष्मा शोधेपर्यंत आजोबा बाहेर. फॉरवर्ड आणि नव्या सदस्यांच्या लिंका मात्र खुशाल बंद ठेवाव्यात. 2019 चा व्हिडिओ जुना आहे हे बॉटला कळत नाही. ते आयर्विनचा पूल रोज ओलांडणाऱ्यालाच कळतं, म्हणून रात्रपाळीला एक तरी जागा माणूस ठेवावाच लागतो.

बॉट काय काय वाचतो, हा प्रश्न अलीकडचा. 100 हून जास्त सर्व्हरवर, म्हणजे डिस्कॉर्डच्या भाषेत ग्रुपवर, असलेल्या बॉटना मेसेजचा मजकूर वाचण्यासाठी वेगळी मंजुरी घेण्याची अट डिस्कॉर्डने 2022 मध्ये घातली. पुराच्या ग्रुपमध्ये लोक घरचा पत्ता, फोन नंबर, घरात कोण आजारी आहे, सगळं लिहून मोकळे होतात. पाणी ओसरतं, ग्रुप तसाच पडून राहतो, आणि कुणाचा तरी तयार बॉट तिथे ॲडमिन म्हणून बसलेला असतो. पंचनामे उरकले की त्याचे हक्क काढून घ्यावेत, आणि बॉट स्वतःचा असेल तर बॉटफादरकडून टोकन बदलून घ्यावं. पत्ते नि नंबर असलेले मेसेज शोधून खोडायचं काम मात्र ॲडमिनलाच बसून करावं लागतं.