घडीचे चित्र : ऑनलाइन सामूहिक चित्रकार्यशाळेविषयी माहिती

आमच्या कार्यशाळेची चौकशी करणारे बहुतेक ग्राहक आरंभीच ‘मला चित्रकला येत नाही’ असे सांगून टाकतात. घडीच्या चित्रात, म्हणजे एकमेकांचे न पाहता तिघांनी मिळून काढलेल्या डोके, धड आणि पाय यांच्या चित्रात, त्याने काहीही अडत नाही. उलट ज्यांचा हात सफाईदार आहे त्यांनाच येथे थोडे जड जाते, कारण अख्खे चित्र आपल्या ताब्यात ठेवण्याची सवय या खेळात सोडावी लागते.

हा खेळ मूळचा पॅरिसचा. १९२५ च्या सुमारास तेथील रु द्यु शातो या रस्त्यावरच्या ५४ क्रमांकाच्या घरात आंद्रे ब्रेतों, ईव्ह तांगी, झाक प्रेव्हेर आदी अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्ने आणि नकळत सुचणाऱ्या कल्पनांतून कला घडवू पाहणारी, लेखक-चित्रकार मंडळी जमत असत. प्रत्येकाने कागदावर शब्द लिहायचा, घडी घालून तो झाकायचा आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, असा तो आधी शब्दांचा खेळ होता. लवकरच शब्दांच्या जागी चित्रे आली.

ऑनलाइन बैठकीत कागद हातोहात फिरत नाही, म्हणून आम्ही पुढील पद्धत ठेवली आहे. तिघांचा एक गट असतो. प्रत्येकाने ए-४ आकाराचा कागद उभा धरून त्याचे तीन समान भाग पाडायचे, म्हणजे प्रत्येक भागाची उंची ९९ मिलिमीटर भरते. वरच्या भागात डोके काढून झाले की मानेच्या दोन रेषा घडीला जेथे टेकतात ती जागा मोजपट्टीने पाहायची आणि गटातील पुढच्या सहभागीला ‘डाव्या कडेपासून ८५ आणि १२५ मिलिमीटर’ एवढेच कळवायचे. त्याने आपल्या कागदाच्या मधल्या भागात नेमक्या त्याच ठिकाणांहून धड सुरू करायचे. त्या रेषा म्हशीच्या मानेच्या आहेत की लोणच्याच्या बरणीच्या, हे त्याला अखेरपर्यंत कळत नाही. पाय तिसऱ्याकडे जातात. तीन चित्रे एकाच वेळी फिरत असल्याने कोणालाही नुसते बसून राहावे लागत नाही. शेवटी सर्वांनी पाठवलेले फोटो जोडून आम्ही पडद्यावर एकेक चित्र उघडतो, आणि त्या वेळी कोणाचाही माइक बंद ठेवत नाही, कारण खरी मौज त्या हशातच असते.

वारली वस्त्यांमध्ये लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचे चौकोनी लग्नचित्र, सुवासिनी मिळून तांदळाच्या पिठाने रंगवतात. तेथेही चित्र एकट्याचे नसते. मात्र काय काढायचे हे परंपरेने ठरलेले असते, तर येथे ते कोणालाच ठाऊक नसते. चित्र फसले तरी दोष एकाच्या माथी येत नाही, आणि एरवी रेघ ओढायलाही कचरणारी माणसे त्यामुळे बेधडक चितारू लागतात. याच कारणाने आम्ही स्पर्धा, गुण अथवा प्रमाणपत्र ठेवलेले नाही. पालकांनी कृपया त्याचा आग्रह धरू नये.

बैठक रविवारी सायंकाळी सात वाजता सुरू होते. न्यू जर्सीत त्या वेळी उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेआठ वाजलेले असतात, त्यामुळे परदेशातील नातेवाइकांनाही एकाच गटात घेता येते. लहान मुलांसोबत घरातील मोठ्या व्यक्तीने बसावे.

कोरे कागद, मोजपट्टी आणि काळे स्केचपेन जवळ ठेवावे. बॉलपेनही चालेल, पेन्सिल मात्र टाळावी, कारण मोबाइलच्या फोटोत तिच्या रेषा पुसट येतात आणि जोडलेल्या चित्रात धडाला डोकेच नसल्यासारखे दिसते.