कांद्याची पट्टी एक दिवस मागे का जाते?

लासलगावला लिलाव झाला, ट्रॅक्टर काट्यावर गेला, हिशेबपट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, निघाली. समजा ती पट्टी ॲपमधून सर्व्हरवर पाठवायची आहे. कांदा 18.45 क्विंटल, भाव क्विंटलला 1525 रुपये, तारीख 16 जानेवारी 2025. रक्कम 28,136 रुपये 25 पैसे.

प्रोग्रॅममध्ये 'पट्टी' हा आपण स्वतः घडवलेला डेटा प्रकार असतो. वाटेत मात्र जातो निव्वळ मजकूर, बहुधा जेसन (JSON) या ठरलेल्या मांडणीत. त्याला मोजकेच प्रकार कळतात: मजकूर, संख्या, खरे-खोटे, रिकामे, यादी आणि नाव-मूल्याच्या जोड्या. तारीख त्यात नाही, रुपयेही नाहीत.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत अचूक दशांशाचा 'डेसिमल' हा प्रकार थेट जेसनमध्ये घालायला गेलं की एरर येते. मला हे बरं वाटतं, कारण घोळ तिथंच कळतो. जावास्क्रिप्ट ही भाषा मात्र तारखेचा निमूट मजकूर करते, तोही जागतिक प्रमाणवेळेनुसार (UTC). आपली वेळ साडेपाच तास पुढे. त्यामुळे नाशिकची 16 तारखेची मध्यरात्र 15 तारखेचे 18:30 होऊन निघते. सर्व्हरने वेळ सोडून नुसती तारीख उचलली, की पट्टी आदल्या दिवसात जमा! भाव रोज बदलणाऱ्या बाजारात ही चूक शेतकऱ्याला भोवू शकते.

म्हणून काय कसं लिहायचं, हे आपणच ठरवावं. तारीख वेळेविना, '2025-01-16' अशी. रक्कम पैशांत, 2813625. पूर्णांक असल्यामुळे दशांशाचा घोळ उरत नाही. सोबत 'प्रकार: पट्टी' अशी खूण. पायथनमध्ये 'डिफॉल्ट' या पर्यायाला दिलेलं फंक्शन पट्टी उलगडून लिहितं आणि 'ऑब्जेक्ट हुक'ला दिलेलं फंक्शन खूण पाहून ती पुन्हा उभी करतं. ही दोन्ही फंक्शनं एकाच माणसानं, एकाच बैठकीत लिहावीत. मग पट्टी पाठवून, परत वाचून, मूळ पट्टीशी ताडून पाहावी. मध्यरात्रीची तारीख आणि सुटे पैसे मुद्दाम घालून.

खूण वाचताना मात्र आपल्या यादीतलेच प्रकार स्वीकारायचे. पायथनचं 'पिकल' हे साधन बहुतेक प्रकार जसेच्या तसे साठवतं, पण परक्याची पिकल फाइल उघडताना तिच्यात दडवलेला कोडही चालू शकतो. बाहेरून आलेल्या डेटासाठी ते वापरूच नये.

पुढे पट्टीत लाल, उन्हाळ अशी कांद्याची जात जोडली, तरी गावोगावच्या जुन्या ॲपमधून जातीविना पट्ट्या येतच राहणार. तिथं 'लाल' असं गृहीत धरू नका, 'नोंद नाही' असंच ठेवा.